झाकणउघडे बापू

बापूंच्या घरच्या दह्यात मधोमध बोटाचा खड्डा असतो. रात्री दहाला वहिनी विरजण लावतात. अकराला बापू पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जातात आणि दही लागलं का ते बोट बुडवून बघतात. साडेबाराला पुन्हा तहान लागते. सकाळी पातेल्यात जे काही उरतं त्याला वहिनी दही म्हणतात, बापू ‘अजून जरा लागायला हवं होतं’ म्हणतात आणि आम्ही पाहुणे मुकाट्याने ते भातावर घेतो.

बंद वस्तू म्हटली की बापूंच्या हाताला खाज सुटते. बिरड्यासाठी फडक्यात बांधलेल्या वालांची गाठ ते दिवसातून चार वेळा सोडतात. त्यांच्या घरच्या वालाला मोड येतात ते लाजत लाजत, कारण कधी कोण बघायला येईल याचा नेम नाही. इडलीपात्राचं झाकण ते ‘नुसतं सरकवतो’ म्हणून काढतात आणि मग इडली बसली की पीठ आंबलं नव्हतं म्हणतात. ओव्हनशी तेवढं त्यांचं पटतं. ओव्हनला काच असते आणि आत दिवा असतो. ‘ही खरी सुधारलेली संस्कृती,’ असं ते ओव्हनसमोर उकिडवे बसून सांगतात.

हे स्वयंपाकघरापुरतं असतं तर वहिनींनी चालवून घेतलं असतं. ग्रीनकार्डाच्या रांगेचा व्हिसा बुलेटिन महिन्यातून एकदाच निघतो. बापू तो रोज सकाळी चहाबरोबर उघडून बघायचे. तारीख काल होती तिथेच आज असणार, उद्याही असणार, हे त्यांना कळत होतं. पण न बघता कळणं बापूंना मंजूर नाही. पुण्याहून माझे आईवडील आले तेव्हा मी त्यांना आणायला निघायच्या आधीच बापूंचा फोन : ‘विमान आत्ता अटलांटिकवर आहे, वीस मिनिटं पुढे आलंय.’ आईबाबा इमिग्रेशनच्या रांगेत उभे असताना त्यांच्याशी पहिलं बोलणं झालं ते बापूंचं, माझं नव्हे.

आणि हा माणूस पोटासाठी काय करतो? ह्यूस्टनला तेलाच्या धंद्यात प्रेशर व्हेसल तपासतो. म्हणजे जी भांडी उघडायची नसतात ती काही केल्या उघडणार नाहीत याची कागदोपत्री खात्री देतो. त्याचा त्यांना पंचवीस वर्षं पगार मिळाला आहे आणि बढतीसुद्धा. दिवसभर एवढी झाकणं बंद ठेवल्यावर माणूस घरी येऊन काय करणार, असा त्यांच्या बाजूने मी एकदा मुद्दा मांडला होता. वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि दह्याची वाटी पुढे सरकवली.

बापू मूळचे अलिबागजवळच्या नवगावचे. या खोडीचं मूळही तिथलंच, आणि ते पोपटीत आहे. रायगडात थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या की शेतावर पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ. वरून पुन्हा पाला कोंबून तोंड बंद करायचं, मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून आग द्यायची. पाण्याचा थेंब घालायचा नाही. आम्ही पुण्याची माणसं हुरड्यावर थांबलेलो, त्यामुळे ही गोष्ट मला पहिल्यांदा ऐकतानाच भूक लागली होती. खरी गंमत पुढे आहे. आत शिजलं की नाही हे बघायची सोय नाही. मडक्यावर पाणी शिंपडायचं, थेंब चर्रकन उडून गेला की उतरवायचं. सगळा कारभार बाहेरून, अंदाजाने आणि विश्वासाने.

नऊ वर्षांच्या बापूंना हे पटलं नाही. मोठी माणसं गप्पांत असताना त्यांनी काठीने मडकं जरा कलतं करून खालून डोकावलं. पाल्याचा बोळा निसटला आणि निम्मी पोपटी राखेत गेली. ज्यांच्या वाट्याला राखेतला कच्चा वाल आला ती मंडळी अजून गावात आहेत आणि बापू दिसले की चौकशी करतात. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, त्या रात्री ‘बापू, उघडू नको’ असं म्हटलं ते आजतागायत म्हणतोय. रजिस्टर टपाल आलं तरी म्हणतो.

अशा माणसाला ह्यूस्टनमध्ये पहिल्यांदा क्रॉफिश बॉइलचं आमंत्रण आलं. बोलावणारा त्यांच्या कंपनीतला लुइझियानाचा एक गडी. अंगाने आडवा, मिश्या भरघोस, चार शब्दांत बोलणं संपवणारा. बापू त्याला पहिल्या दिवसापासून ‘पाटील’ म्हणतात आणि तोही ओ देतो. त्याचे पूर्वज केजन, म्हणजे १७५५ पासून इंग्रजांनी कॅनडाच्या अकेडियातून हुसकून लावलेले फ्रेंच. त्यातले बरेच भटकत भटकत लुइझियानाच्या दलदलीत स्थिरावले. तिथल्या पाण्यात जे चालत-रांगत होतं ते उकडून खाल्लं आणि पुढे त्याचाच उत्सव केला. लुइझियानातल्या ब्रो ब्रिज नावाच्या गावाला १९५९ साली तिथल्या विधिमंडळाने ठराव करून क्रॉफिशची जागतिक राजधानी केलंय. क्रॉफिश म्हणजे दिसायला शेवंडीचं बोटाएवढं पिल्लू, मुक्काम चिखलात.

अंगणात गॅसची शेगडी, तिच्यावर आपल्याकडे लग्नात आमटीला असतो त्या मापाचा ॲल्युमिनियमचा टोप, आत जाळीची टोपली. पाण्यात मीठ, लाल मसाला, लिंबं, लसणाचे अख्खे गड्डे. मग बटाटे, मक्याची कणसं, सॉसेजचे तुकडे आणि पोतंभर जिवंत क्रॉफिश. उकळी फुटून थोडा वेळ झाला की आग बंद करायची आणि तसंच मुरत ठेवायचं, वीस मिनिटं, अर्धा तास. मसाला आत शिरतो तो उकळताना नाही, या निवांतपणात, असं पाटलांचं म्हणणं. शेवटी टोपली उचलून सगळं टेबलावर अंथरलेल्या वर्तमानपत्रांवर ओतायचं. ताट नाही, चमचा नाही, आग्रह नाही. टेबलाभोवती उभं राहायचं आणि सोलून खायचं.

बापूंनी तो वाफाळलेला ढिगारा बघितला, त्यातला अख्खा बटाटा हातात घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘अहो, ही पोपटी!’ ते मला मराठीत म्हणाले आणि मग सगळ्यांना इंग्रजीत. मी तिथे होतो. खरं सांगायचं तर पोपटी कोरडी आणि हे पाण्यातलं. तिला भांबुर्डीचा वास, याला लसणाचा. दोन्हींत सारखं एवढंच की एकाच भांड्यात सगळं घालून, गोतावळा जमवून, हाताने खायचं. पण माणूस गावापासून चौदा हजार किलोमीटरवर असला की एवढं सारखेपण नात्याला पुरतं. पाटलांना मात्र बापूंच्या अश्रूंपेक्षा दुसरीच गोष्ट लक्षात राहिली. मुरत ठेवलेल्या अर्ध्या तासात या पाहुण्याने टोपाचं झाकण पाच वेळा उचललं होतं. सहाव्या वेळी पाटलांनी काही न बोलता झाकणावर एक वीट आणून ठेवली आणि विटेशेजारी खुर्ची टाकून बसले.

आता आपल्याकडेही बॉइल करायचं, हे बापूंनी गाडीतच ठरवलं. पण ते राहतात भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात, आणि तिथल्या सोसायटीला मागच्या पडवीत गॅसची शेगडी पेटवलेली चालत नाही. बापूंनी नियम वाचले, पोटनियम वाचले, मुंबईच्या सोसायट्या बऱ्या असं आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. त्याच सुमाराला महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीत वहिनींना सोडतीत स्लो कुकर लागला. सहा क्वार्टचा, म्हणजे साडेपाच लिटरच्या आसपासचा. लंबगोल, चिनीमातीचं जाड भांडं, वर काचेचं झाकण.

भांडं मोठं गुणी. आत वेटोळं घातलेल्या तारेची मंद आच, शेजारी फक्त दोन बटणं. लो आणि हाय. ही दोन्ही बटणं शेवटी जवळपास एकाच उष्णतेला नेऊन पोचवतात, फरक पोचायला लागणाऱ्या वेळेचा. डेक्कन क्वीन आणि पॅसेंजर दोन्ही पुण्यालाच येतात, तसं. सोबतच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत एकच विनंती होती : झाकण उघडू नका. दर वेळी उघडलंत तर शिजायला वीसेक मिनिटं जास्त धरा. वहिनींनी ते पान कापून फ्रिजवर लावलं. काचेचं झाकण असल्यामुळे हा माणूस सुधारेल अशी त्यांना आशा होती. पण दहा मिनिटांत काच आतून वाफेने धुरकट होते हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. बापूंच्या मते, काच असून दिसत नाही हा तर उघडउघड फसवणुकीचा प्रकार. ते बाहेरून रुमालाने पुसत राहायचे आणि धुकं असायचं आत.

स्लो कुकरवर त्यांचं मन बसलं ते वेगळ्याच कारणाने. बापूंना कुठलीही वस्तू घरात आली की तिची वंशावळ काढायची सवय. त्यांनी शोधून काढलं की हे भांडं शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या ज्यू संशोधकाचं. पेटंट १९४० चं. लिथुआनियातल्या व्हिल्नात वाढलेल्या त्याच्या आईने त्याला सांगितलेलं की शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी ती चोलंटचं भांडं, म्हणजे कडधान्य, मांस, बटाटे घातलेली उसळ म्हणा, बेकरीत नेऊन ठेवायची. शनिवारी शब्बाथ, चूल पेटवायची नाही, काम करायचं नाही. भट्टीच्या उरलेल्या उबेवर भांडं रात्रभर शिजायचं आणि दुसऱ्या दिवशी घरी आणून खायचं. पोराने त्या आठवणीला वायर जोडली. पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ पासून क्रॉक-पॉट या नावाने ते भांडं अमेरिकेच्या घराघरांत गेलं.

‘म्हणजे बघा,’ बापू म्हणाले, ‘हे वार पाळणाऱ्यांचं भांडं! आणि वारही कुठला? शनिवार!’

यात त्यांना एवढा आनंद व्हायला दोन कारणं होती. एक म्हणजे नवगाव. बेने इस्रायली ज्यूंचे पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले असं त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. बापूंच्या आजीच्या बोलण्यात शनवार तेली नेहमी यायचे. दुसरं कारण, बापू स्वतः शनिवार पाळतात. शनिवार मारुतीचा. त्या दिवशी मासमच्छी बंद. आईला दिलेला शब्द आहे आणि बापूंनी तो अमेरिकेत इतकी वर्षं निभावलाय.

तेव्हा बॉइल याच भांड्यात करायचं, क्रॉफिशऐवजी कोळंबी आणि चिंबोऱ्यांचं, असं बापूंनी ठरवलं. इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. नॅक्सनच्या आईने त्या भांड्यात कोळंबी आणि चिंबोऱ्या पाहिल्या असत्या तर भांडं बेकरीच्या दारातच फोडलं असतं, कारण ज्या जलचरांना पर आणि खवले नाहीत ते ज्यूंना निषिद्ध. हे मी बापूंना सांगितलं. ते थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, ‘भांडं त्यांचं, पाणी आपलं.’

बॉइलची तारीख मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली ठरली आणि नेमका शनिवार आला. रविवारी मुलांची मराठी शाळा, सोमवारी ऑफिस, पाटलांना रविवारी चर्च. दुसरा दिवस जमेना. मारुतीचं काय करायचं? बापूंनी कालनिर्णय काढलं आणि अर्ध्या तासाने चेहरा उजळून बाहेर आले. ह्यूस्टन भारताच्या साडेदहा तास मागे. आपला वार सूर्योदयाला बदलतो. शब्द आईला दिला नवगावात, तेव्हा घड्याळ नवगावचं धरायचं. नवगावात रविवारचा सूर्य उगवतो सहा वाजून आठ-दहा मिनिटांनी, त्या वेळी इथे शनिवारची संध्याकाळ, सात चाळीस. म्हणजे आठच्या जेवणाला मारुतीची हरकत नाही. धर्मशास्त्रात इतकी सोय असते हे मला ठाऊक नव्हतं. मी पुण्याचा असून गप्प बसलो.

खरेदीला मीही गेलो. बेलेअर बुलेव्हार्डच्या बाजूला व्हिएतनामी लोकांची मोठी वस्ती आहे. १९७५ मध्ये युद्ध संपल्यावर व्हिएतनाममधून निघालेले पुष्कळ जण ह्यूस्टनजवळच्या आखाताच्या काठाला येऊन मासेमारीत शिरले, आणि ह्यूस्टनच्या क्रॉफिशवर आज जे लसूण-लोण्याचं भरघोस आंघोळपाणी होतं ते त्यांचंच. माशाच्या काउंटरमागे एक म्हाताऱ्या बाई. कोळंबीचा भाव आकाराने असतो, पौंडाला किती बसतात त्यावर. सोळा-वीसची महाग, एकतीस-पस्तीसची स्वस्त. बापूंनी डोक्यासकटची सोळा-वीसची निवडली. ‘डोकं नसलेल्या कोळंबीशी माझी ओळख नाही.’ डोळे काळेभोर, सालं शरीराला घट्ट, वास समुद्राचा. एकेक उचलून ते बघत होते आणि बाई त्यांच्या हाताकडे बघत होत्या. एका क्षणी दोघांनी एकदम एकच कोळंबी बाजूला काढली, डोक्याशी काळी पडलेली, आणि मान हलवली. मग भाव दोन डॉलरने उतरला. भाषा दोघांचीही नव्हती.

घोडं अडलं चिंबोऱ्यांपाशी. बापूंच्या मते चिंबोरी घ्यायची अमावास्येच्या आसपास, तेव्हा ती भरलेली असते. पौर्णिमेची पोकळ. किनाऱ्यावरचा कुठलाही कोळी हेच सांगेल. पण जिवंत चिंबोऱ्या स्लो कुकरच्या कोमट पाण्यात सोडणं वहिनींना आणि मला दोघांनाही बघवलं नसतं. तेव्हा स्नो क्रॅबचे बर्फातले पाय घ्यायचे ठरले. ‘हा कुठल्या अमावास्येचा?’ असं बापूंनी बाईंना इंग्रजीत विचारलं. बाईंनी वेष्टण उलटं करून तारीख दाखवली. स्नो क्रॅब बहुधा शिजवूनच गोठवलेला येतो, नुसता गरम करायचा असतो, हे वहिनींनी घरी वेष्टणावर वाचलं. ‘म्हणजे शिजलेलं शिजवायला पाच तास?’ त्या म्हणाल्या. बापूंनी ऐकलं नाही असं केलं.

शनिवारी तीन वाजता भांडं लागलं. क्रम बापूंनी कागदावर नीट लिहिला होता, आणि तो बरोबर होता, हे कबूल केलं पाहिजे. तळाला लाल सालीचे लहान बटाटे, कारण बटाटा हट्टी आणि आच खालून-बाजूने. कांदे, लसूण, लिंबं, पाणी, न्यू ऑर्लिन्सचा बॉइल मसाला, आणि हॉर्लिक्सच्या जुन्या बाटलीतला, दादाने पाठवलेला आगरी-कोळी मसाला, दोन चमचे. सहाला मका आणि सॉसेज. सव्वासातला खेकड्याचे पाय आणि सगळ्यात शेवटी कोळंबी. कोळंबीला पंधरा-वीस मिनिटं बास. तिचा जीव तो केवढा. स्लो कुकरमध्ये बॉइल करायचं ते एवढंच शास्त्र आहे : ज्याचा जीव जड त्याने आधी जायचं.

बटण हायवर गेलं, काच धुरकट झाली आणि तीन वाजून बारा मिनिटांनी पहिलं झाकण उघडलं गेलं.

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फ्रिजवर चिकटवलेल्या पानाखाली पेन्सिलने एक उभी रेघ ओढली. बापूंनी कारण दिलं : बटाटे पाण्याखाली आहेत का बघितलं. दुसऱ्या रेघेचं कारण मीठ. तिसऱ्या रेघेला वास जरा कमी येतोय अशी शंका. चौथीला काही कारण नव्हतं, फक्त पाठमोरे बापू आणि वर जाणारी वाफ. पाचवी रेघ आडवी, जुन्या वाण्यासारखी. आम्ही पाचच्या सुमाराला पोचलो तेव्हा दोन गठ्ठे पूर्ण झाले होते. पाटील सहाला आले. त्यांनी रेघा बघितल्या, अर्थ विचारला, समजून घेतला आणि गाडीकडे गेले. मला वाटलं वीट आणायला. ते बिअर घेऊन आले.

सातला वहिनींनी हिशेब मांडला. रेघा चौदा. चौदा गुणिले वीस, दोनशे ऐंशी मिनिटं, म्हणजे चार तास चाळीस मिनिटं. भांडं सुरू होऊन झाले होते चार तास. ‘म्हणजे पुस्तिकेच्या हिशेबाने,’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘आत्ता भांड्यात दुपारचे दोन वीस झालेत. अजून मी भांडं लावलेलंच नाही.’

बापूंनी सुरी घालून बटाटा बघितला. तो कुरकुरला. वहिनींनी एक अक्षर न बोलता झाऱ्याने सगळे बटाटे उपसून आपल्या भारतातून आणलेल्या प्रेशर कुकरमध्ये टाकले. त्याचं झाकण आतून बसणारं. आत वाफ कोंडली की ती झाकणाला वर दाबून धरते, मग बाहेरून कुणाच्या बापूला ते उघडत नाही. घरातलं ते एकच भांडं बापूंपासून सुरक्षित होतं. तीन शिट्ट्या होईपर्यंत ते त्याच्यासमोर हाताची घडी घालून उभे होते. धंद्यातली आदराची भावना असावी.

सव्वासातला कोळंबी आत गेली, झाकण बसलं आणि बापूंनी नवगावला व्हिडिओ लावला.

हे आधी ठरलेलं नव्हतं. कालनिर्णयातली वेळ छापील होती, पण बापूंना सूर्य डोळ्यांनी बघायचा होता. न बघता कळणं त्यांना मंजूर नाही हे मी वर सांगितलंच. दादा पहाटेच्या अंधारात लुंगी सावरत अंगणात आला. फोन त्याने पूर्वेला धरला. समुद्र नवगावच्या पश्चिमेला, त्यामुळे सूर्य पाण्यातून वर येत नाही, डोंगरामागून येतो. पडद्यावर माडांच्या काळ्या रेघा, मागे कनकेश्वरच्या बाजूचा डोंगर आणि त्यावर राखाडी उजेड.

सात चाळीस झाले. ‘दादा, उजाडलं ना?’

‘उजाडलं. सूर्य नाही.’

‘पंचांगात झाला.’

‘पंचांगात झाला तर तिथेच बघ की. मला कशाला उठवलंस?’

बापू निरुत्तर झाले. सात पन्नास झाले. आमच्या खिडकीत ह्यूस्टनचा सूर्य मावळतीला टेकला होता, फोनमध्ये नवगावचा उगवायला तयार नव्हता, आणि मध्ये स्वयंपाकघराच्या ओट्यावर कोळंबी शिजत होती. वहिनी म्हणाल्या, ‘अहो, निदान बटण बंद करा, झाकण उघडा. खाऊ नका, पण उघडा!’ त्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असावं. बापूंचा हात झाकणाच्या मुठीपर्यंत गेला. तेवढ्यात फोनमधून दादाचा आवाज आला. त्याला पडद्यावर काय दिसलं कोण जाणे, पन्नास वर्षांच्या सवयीने तो ओरडला, ‘बापू, उघडू नको!’

आणि बापूंनी हात मागे घेतला.

आयुष्यात पहिल्यांदा. दिवसभर जे झाकण चौदा वेळा विनाकारण उघडलं, ते उघडण्याची खरोखरची वेळ आली तेव्हा हा माणूस मोठ्या भावाचं ऐकून उभा राहिला. पाटलांना भाषा कळत नव्हती, पण कोळंबी कळत होती. त्यांनी घड्याळ बघितलं, मग झाकण बघितलं आणि जाऊन बाहेरच्या खोलीत बसले. मे महिन्याची धुरकट हवा, त्यात डोंगरावर ढगाची पट्टी. आठ वाजून बारा मिनिटांनी माडांच्या मधून एक तांबडी कड दिसली. ‘आला,’ दादा म्हणाला. आम्ही सगळ्यांनी, पाटलांच्या बायकोसकट, टाळ्या वाजवल्या. बापूंनी फोनला नमस्कार केला आणि झाकण काढलं.

कोळंबी बरोबर शिजली की तिची चंद्रकोर होते. जास्त शिजली की पौर्णिमा. भांड्यात सगळीकडे पौर्णिमा होती. वर्तमानपत्रावर ओतल्यावर त्या सोळा-वीसच्या कोळंब्या टणाटण उड्या मारून बाजूला झाल्या. पाटलांनी एक सोलली, तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिले. मग मक्याचं कणीस घेतलं. मका सुरेख झाला होता. बटाटे कुकरचे, ते तर लोण्यासारखे. खेकड्याचे पाय शिजलेलेच आले होते आणि शिजलेलेच राहिले.

पाणी मात्र अप्रतिम होतं. पाच तास लसूण, लिंबू, दोन देशांचे मसाले आणि कोळंबीची डोकी त्यात उतरली होती. वहिनींनी ते गाळलं, नारळाचं दूध घातलं, चार आमसुलं टाकली आणि दहा मिनिटांत कालवण केलं. भात त्यांनी आधीच लावून ठेवला होता. इतक्या आधी की त्यांचा बॉइलवर कधीच विश्वास नव्हता हे उघड झालं. लुइझियानाच्या माणसाला भात परका नाही, त्यांच्याकडेही रश्शाखाली भातच असतो. पाटील तीनदा वाढून घेऊन जेवले, हाताने. त्यांच्या मिश्यांना आमसुलाचा रंग चढला होता.

जेवणं आटोपता आटोपता दादाचा फोन आला. त्याचा चहा झाला होता. ‘काय रे, कशी झाली तुमची पोपटी?’

बापू जरा घुटमळले. ‘झाली बरी. कोळंबी तेवढी वातड झाली. उघडायला उशीर झाला.’

पलीकडे बराच वेळ कावळे ओरडत होते. मग दादा म्हणाला, ‘कोणाला उशीर झाला?’

सोमवारी ऑफिसातून येताना बापूंनी वहिनींनी दिलेला डबा आमच्याकडे पोचवला. उरलेलं कालवण आणि सोबत दह्याची वाटी, वरून घट्ट प्लास्टिक लावलेली. प्लास्टिक एका कोपऱ्यात सुटलं होतं. दह्यात मधोमध खड्डा होता.